धक्का आणि बोट यांच्यामधले अंतर

मुंबईहून कोकणात पुन्हा बोटीने जाता येणार, ही वार्ता रत्नागिरी जिल्ह्यातील माणसाला नुसती बातमी वाटत नाही. २०२५ साली मुंबई ते जयगड आणि तेथून पुढे विजयदुर्ग अशी, माणसे आणि मोटारी दोन्ही वाहून नेणारी जलद बोट सुरू करण्याची घोषणा झाली, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी जणांच्या कानांत आगबोटीचा भोंगा पुन्हा वाजला असेल. जयगड तीन-साडेतीन तासांत आणि विजयदुर्ग पाच तासांत, असे त्या वेळी सांगण्यात आले. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि एक तप उलटून गेले तरी ते पुरे झाले नाही. त्या रस्त्यावर हाडे खिळखिळी करून घेतलेल्या चाकरमान्याला हा हिशेब मोहात पाडणारा आहे, ह्यात शंका नाही. त्याच वर्षी मुंबई बंदरात पर्यटक-जहाजांसाठी नवे आंतरराष्ट्रीय टर्मिनल खुले झाले. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने 'क्रूझ भारत' मोहीम जाहीर करून जहाजाने पर्यटन करणाऱ्यांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करण्याचा संकल्प सोडला. रत्नागिरीच्या भगवती बंदरावरही प्रवासी जहाजांसाठी टर्मिनल उभारण्याची योजना शासनाने पुढे आणलेली आहे. एकूण, येत्या काही वर्षांत कोकणच्या किनाऱ्यावर सिमेंट-काँक्रीट बरेच ओतले जाणार असे दिसते.

ते ओतले जाण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारून ठेवणे इष्ट आहे. ह्या बोटींत चढणार कोण? तिकिटाचे पैसे आहेत तो चढेल, असे उत्तर कोणीही देईल, आणि अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे ते बरोबरही ठरेल. परंतु खिशात पैसे असूनही ज्याला धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकता येत नाही, आणि बोटीत बसल्यावर तेथे मिळणारे अन्न ज्याला वर्ज्य आहे, अशा माणसाची गणना पाठ्यपुस्तकात होत नाही. बंदराच्या आराखड्यातही ती होत नाही, आणि तेथे ती न होण्याचे परिणाम अधिक टिकाऊ असतात.

जुन्या आगबोटींच्या आठवणी सांगताना आपण त्यांतील एक भाग हटकून हसत हसत सांगतो. रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नसे. ती समुद्रात नांगर टाकून उभी राही आणि उतारूंना पडावात बसवून तिच्यापर्यंत नेण्यात येई. लाटेबरोबर पडाव वर गेला की त्या क्षणाला बोटीच्या शिडीवर पाय टाकावयाचा. क्षण चुकला तर पडाव खाली आणि उतारू अधांतरी. धडधाकट तरुणाला ही गंमत होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, बाळंतिणींना आणि पायाने अधू असलेल्यांना खलाशी दंडाला धरून, प्रसंगी सरळ उचलून, बोटीत 'चढवीत'. ट्रंका, आंब्याच्या पेट्या आणि आजीबाई ह्यांची चढ-उतार करण्याची पद्धत जवळजवळ एकच होती. खलाशांच्या मनात त्यात अनादर नव्हता. उलट, त्यांच्या बळकट हातांवर कोकणातील कित्येक पिढ्या मुंबईस पोहोचल्या. पण ज्याला उचलले जात होते त्याला काय वाटत होते, हे आपल्या आठवणींच्या पुस्तकांत फारसे आढळत नाही. आठवणी लिहिणारे सारे पायांनी चढलेले होते. एकोणिसशे ऐंशीच्या दशकात ही वाहतूक आटत जाऊन बंद पडली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि पडावाबरोबर तो प्रश्नही आपण विसरून गेलो.

गंमत अशी की तो प्रश्न जगाने विसरलेला नाही. आजची अवाढव्य पर्यटक-जहाजेसुद्धा अनेक बंदरांत धक्क्याला लागू शकत नाहीत. तीही समुद्रात उभी राहतात आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर पोहोचवतात. इंग्रजीत त्या लहान बोटीला टेंडर म्हणतात. आपण पडाव म्हणू. समुद्र थोडा खवळलेला असला की चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाला ह्या पडावात घेण्याचे जहाजावरील अधिकारी नाकारतात, आणि ज्या बंदराचे चित्र पाहून त्याने हजारो रुपये मोजले ते बंदर त्याला कठड्यावरून पाहावे लागते. म्हणजे शंभर वर्षांत जहाज दहा मजली झाले, त्यात पोहण्याचे तलाव आले, नाट्यगृहे आली, परंतु शेवटचे दहा हात अंतर जेथे होते तेथेच राहिले. नोव्हेंबर १९२७ मध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' ह्या बोटी बुडाल्या तेव्हापासून कोकणातील माणूस बोटीच्या सुरक्षिततेविषयी बोलत आला आहे. बोटीत शिरण्याच्या वाटेविषयी तो फारसा बोललेला नाही.

ह्या वाटेचे गणित थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण सगळे घोडे तेथेच अडते. चाकाची खुर्ची कोणाच्याही मदतीवाचून चढ-उतार करू शकेल असा उतार एकास बारा ह्या प्रमाणाहून तीव्र असू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे एक मीटर उंची चढण्यासाठी बारा मीटर लांबीचा उतार हवा. आता आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत किती अंतर पडते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यास सांगावयास नको. ते दोनच मीटर धरले तरी चोवीस मीटर लांबीचा उतार पाहिजे, आणि तोही असा, की जो पाण्याबरोबर वर-खाली होईल. पक्क्या बांधलेल्या पायऱ्यांनी हे होत नाही. त्या भरतीला पाण्यात जातात आणि ओहोटीला शेवाळाने बुळबुळीत होऊन उघड्या पडतात. त्यावरून सुदृढ माणूसही जपून उतरतो. ह्यावर उपाय म्हणजे पाण्यावर तरंगणारा धक्का. बोट आणि हा धक्का एकाच पाण्यावर तरंगत असल्याने त्यांच्या पातळीत फरक पडत नाही, आणि किनाऱ्यापासून धक्क्यापर्यंतचा लांब पूल तेवढा भरती-ओहोटीनुसार आपला कोन बदलतो. हे काही परदेशातील चमत्कार नव्हेत. एप्रिल २०२३ मध्ये केरळात सुरू झालेल्या कोची जल-मेट्रोची स्थानके ह्याच तत्त्वावर उभारलेली आहेत आणि तेथे चाकाची खुर्ची बोटीत सरळ जाते. अर्थात कोचीच्या खाडीत भरती-ओहोटीचा फरक फार थोडा आहे. आपल्याकडे तो अधिक, म्हणून पूल लांब, म्हणून खर्चही अधिक. ही गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पण खर्चाचा विचार करताना एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. बांधताना केलेली सोय आणि बांधून झाल्यावर केलेली दुरुस्ती ह्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर असते. घर बांधताना उंबरठा ठेवला नाही तर खर्च वाचतो. ठेवलेला उंबरठा नंतर फोडावयाचा तर गवंडी, लाद्या आणि घरातल्यांची बोलणी असा तिहेरी खर्च येतो. बोटीचे तर विशेष आहे. दारांतून पाणी आत येऊ नये म्हणून बोटीवर मुद्दाम उंच उंबरठे ठेवलेले असतात, मार्ग अरुंद असतात, न्हाणीघराच्या दारातही पाणी अडविणारी पट्टी असते. हे सारे आराखड्यातच बदलता येते, बोट पाण्यात उतरल्यावर नव्हे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९६ सालीच वृद्ध आणि अपंग प्रवाशांच्या गरजा ध्यानात घेऊन प्रवासी जहाजांची रचना कशी असावी ह्याविषयी शिफारशी काढल्या. त्यानंतर बांधलेल्या बोटीलाही 'आता काही करता येत नाही' ही सबब शोभत नाही.

आपल्या जिल्ह्यात ह्या बाबतीत एक शिकण्यासारखी गोष्ट घडलेली आहे आणि ती कोणी मुद्दाम घडविलेली नाही. दाभोळ आणि धोपावे ह्यांच्या दरम्यान २००३ सालापासून फेरीबोट चालते. तशीच ती जयगड आणि तवसाळ ह्यांच्या दरम्यानही चालते. सपाट तळाची बोट, पुढे लोखंडी फळी. ती उताराच्या काँक्रीटवर टेकविली की जीप, रिक्षा, दुचाकी सरळ आत. ही फळी जीपसाठी केलेली आहे. पण तिच्यावरून चाकाची खुर्चीही जाते, कुबड्या घेतलेला माणूसही जातो, आणि ज्याला तेही शक्य नाही तो आपल्या गाडीतून न उतरता खाडी पार करतो. पूर्वी ह्याच खाड्यांवर माणूस होडीत पाणी तुडवीत चढत असे. अपंगांची सोय करा असे सांगत कोणी गेला असता तर त्याला निधी नसल्याचे उत्तर मिळाले असते; जीपची सोय करावयाची म्हटल्यावर ती झाली. ज्या किनाऱ्यावर यंत्राला सहज प्रवेश आहे तेथे माणसाला तो मिळण्यास यंत्राची वाट पाहावी लागली, हे काही भूषणावह नाही. तथापि मुद्दा सिद्ध होतो: सोय एकाच्या नावाने केली तरी तिचा लाभ दहा जणांना होतो. लोखंडी फळीवरून डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण जाते आणि सामानाने लादलेला चाकरमानीही जातो.

'असे प्रवासी आहेत तरी किती?' हा प्रश्न मग पुढे येतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अपंगांची संख्या २९ लाख ६३ हजारांवर होती. त्यानंतर २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले, म्हणजे आज मोजणी झाली तर आकडा वाढेल हे उघड आहे. रत्नागिरीचे चित्र तर याहून बोलके आहे. २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत ह्या जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. सोळा लाख शहाण्णव हजारांवरून ती सोळा लाख पंधरा हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया हे येथील प्रमाण आहे. हे आकडे स्त्री-सन्मानाचे निदर्शक नाहीत. कमावते हात मुंबईला जातात आणि घर राखावयास मागे राहतात त्या आया, आज्या आणि थकलेले वडील, एवढाच त्यांचा अर्थ. जनगणनेच्या तक्त्यात ह्यांतील बहुतेकांच्या नावापुढे 'अपंग' असे लिहिलेले नसते. पण गुडघे धरलेल्या, मोतीबिंदू झालेल्या, पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्या माणसाला पायरी तेवढीच उंच असते. ज्या जिल्ह्याचे अर्धे आयुष्य मुंबईत आणि उरलेले अर्धे म्हातारपणात जाते, तेथील बंदर म्हाताऱ्यांसाठी बांधावयाचे नाही तर कोणासाठी?

'धक्क्यावर चाकाची खुर्ची कधी दिसत नाही, मग कशाला?' असे म्हणणारे अधिकारी भेटतात. ज्या थांब्यावर एस.टी. थांबतच नाही त्या थांब्यावर उतारू नाहीत, म्हणून थांबा रद्द करावा, अशा प्रकारचा हा युक्तिवाद आहे. शिवाय अपंग माणूस हा बहुधा एकटा प्रवास करीत नाही. घरातील एकाला बोटीत चढता येत नसेल तर चौघांचे कुटुंब घरी राहते किंवा भाड्याची मोटार करते. एका पायरीमुळे चार तिकिटे जातात, हा हिशेब बोट चालविणाऱ्याने तरी करावयास हवा.

शासनाने ह्या माणसासाठी काही केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. त्याने सवलती दिल्या. राज्य परिवहनाच्या गाड्यांत अपंगांना भाड्यात मोठी सूट आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे. ह्या सवलतींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु सवलत ही किमतीवरील तोड आहे, आणि येथे अडचण किमतीची नाही. एस.टी.ची पहिली पायरी ज्याच्या गुडघ्याच्या आवाक्याबाहेर आहे त्याला भाडे निम्मे केले काय आणि शून्य केले काय, तो थांब्यावरच राहतो. सवलत देण्यास एक परिपत्रक पुरते. पायरी खाली आणण्यास अभियंता लागतो, निविदा लागते आणि पुढच्या वर्षी ती मोडली तर दुरुस्त करणारा माणूस लागतो. म्हणून सवलती वाढत जातात. डिसेंबर २०१५ मध्ये तर 'अपंग' हा शब्दच बदलून 'दिव्यांग' करण्याचे आवाहन झाले. शब्द बदलला, फलक बदलले. पायरीची उंची तीच राहिली.

कायद्याची गोष्टही मोठी चमत्कारिक आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात रेल्वेचे डबे, बसगाड्या आणि विमाने यांच्या बरोबरीने जहाजांचाही स्पष्ट उल्लेख होता. ती अपंगांना सुलभ व्हावीत आणि त्यांतील स्वच्छतागृहे खुर्चीवरील माणसास वापरता यावीत, असे ते कलम सांगत होते. 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' ही पळवाट त्यात होतीच. २०१६ साली अधिक व्यापक आणि अनेक बाबतींत निश्चितच पुढारलेला असा नवा कायदा आला. त्याच्या एकेचाळिसाव्या कलमात वाहनतळ, स्वच्छतागृहे आणि तिकीट-खिडक्या कोठे सुलभ असाव्यात ह्याची यादी आहे: बस-थांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळ. बंदरे आणि धक्के ह्या यादीत नाहीत. पुढच्या उपकलमात 'वाहतुकीची सर्व साधने' असा शब्दप्रयोग आहे, त्यामुळे बोट त्यात येते. पण बोटीपर्यंत ज्या धक्क्यावरून जावयाचे तो नावानिशी कोठेच येत नाही. ज्या राज्याला सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा आहे त्याच्या प्रतिनिधींना ही उणीव त्या वेळी जाणवली नाही. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात निर्णय देताना सुलभतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असून चालणार नाहीत, त्यांतील किमान मानके बंधनकारक केली पाहिजेत, असे बजावले. बंदरांच्या आराखड्यांवर ह्या निर्णयाची छाया पडली पाहिजे. ती पडावी म्हणून कोणी तरी विचारले पाहिजे.

इतरत्र काय झाले? बहामासारख्या देशाचा ध्वज लावून अमेरिकेच्या बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या जहाजांना तेथील अपंगविषयक कायदा लागू होतो काय, असा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि २००५ साली न्यायालयाने, काही मर्यादा घालून, तो लागू होतो असा निर्णय दिला. युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमावलीने तर अट्ठेचाळीस तास आधी कळविल्यास बंदरात आणि बोटीवर विनामूल्य साहाय्य देण्याचे बंधन घातले. सुरक्षेसाठी सोबती हवाच असे प्रवासी बोटीच्या मालकाने म्हटले तर त्या सोबत्याचे भाडे मालकाने घ्यावयाचे नाही. ही शेवटची तरतूद अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोठी मार्मिक आहे. अट घालणाराच अटीचा खर्च सोसणार म्हटल्यावर अटी आपोआप कमी होतात.

सुरक्षेचा आक्षेप मात्र खोटा नव्हे आणि त्याला हसण्यावारी नेणे बरोबर होणार नाही. समुद्र हा थट्टेचा विषय नाही हे कोकणाइतके कोणाला ठाऊक असणार? १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीला मुंबई बंदरात अपघात होऊन पंधरा जण दगावले. बोट कलंडू लागली तर खुर्चीवरील माणसाचे काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण त्याचे उत्तर 'त्याने येऊ नये' हे होऊ शकत नाही. कोणत्या प्रवाशाला मदत लागेल हे आधी ठाऊक असणे, त्याची जागा दाराजवळ असणे, दोन खलाशांवर त्याची नावानिशी जबाबदारी असणे आणि त्यांनी वर्षातून दोनदा तशी तालीम केलेली असणे, हे ते उत्तर आहे. ह्याला पैसा फारसा लागत नाही. २०१२ साली कोलकात्याहून गोव्यातील एका परिषदेस निघालेल्या जीजा घोष ह्या मेंदूच्या पक्षाघाताने अपंगत्व आलेल्या कार्यकर्तीला सुरक्षेच्याच नावाखाली विमानातून उतरविण्यात आले होते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपयांची भरपाई देवविली. न विचारता घेतलेला 'काळजी'चा निर्णय शेवटी महाग पडतो तो असा.

येथवर पायांचे झाले. बोटीत बसल्यावर पोटाचा प्रश्न सुरू होतो, आणि तो पायांहून कमी अवघड नाही.

राजापूर तालुक्यातील एखाद्या निवृत्त प्राथमिक शिक्षकाची कल्पना करावी. पक्षाघातानंतर चालणे मंदावलेले, मधुमेह जुना, मूत्रपिंडे अर्ध्यावर आलेली. मुलाकडे मुंबईस निघाले आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेणाऱ्या माणसाला पाणी मोजून प्यावे लागते, मीठ जपावे लागते, आणि पोटॅशियम ज्यात अधिक आहे ते पदार्थ टाळावे लागतात. आता आपल्या कोकणी पाहुणचाराची सुरुवात कशाने होते? शहाळ्याने. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. निरोग्याला ते अमृत, पण मूत्रपिंडे निकामी झालेल्याच्या रक्तात ते साचून हृदयाचे ठोके बिघडवू शकते. त्याने 'नको' म्हटले तर वाढणारा आग्रह करतो, कारण आग्रह करणे हाच आपला शिष्टाचार. आंब्याच्या दिवसांत तर नकार देणारा माणूस थोडा कुजकटच ठरतो. दुकानातून घ्यावे तर वेफर्स, फरसाण आणि शीतपेये; मीठ नाही तर साखर. म्हणून असा प्रवासी सोपा मार्ग पत्करतो. तो काही खात नाही आणि, स्वच्छतागृहाच्या दारात खुर्ची मावत नसल्याने, काही पीतही नाही. मधुमेहाचे इन्सुलिन टोचून उपाशी बसलेला माणूस तासा-दोन तासांत बेशुद्ध पडू शकतो हे बोटीवरील किती जणांना ठाऊक असते?

ज्यांना गव्हातील ग्लुटेन मुळीच चालत नाही त्यांची गोष्ट निराळी. वरवर पाहता कोकण हा त्यांचा स्वर्ग आहे. तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी, भात, माशाचे कालवण; गहू कोठेच नाही. पण फोडणीतल्या हिंगाचे काय? बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या ते गावीही नसते. भाकरी भाजली तो तवा सकाळी चपात्यांचा होता हेही कोणी सांगत नाही. शेंगदाण्याची ज्याला वावडी आहे त्याला कोशिंबीर, उसळ, आणि उपवासाची खिचडीसुद्धा धोक्याची, कारण कूट सगळीकडे. कोळंबीने ज्याच्या घशाला सूज येते त्याला साध्या वांग्याच्या भाजीतही सोडे किंवा सुकट निघू शकते. आपल्या पाककलेचा हा दोष नव्हे. तिच्या गोडीचे रहस्य ह्या न सांगितलेल्या चिमटीतच असते. पण चिमूट कशाची, हे विचारल्यावर सांगता आले पाहिजे.

हे आपल्याला जमणार नाही असे म्हणण्याची सोय नाही, कारण असले काम आपला समाज शतकानुशतके करीत आलेला आहे. आगबोटीच्या काळात कित्येक जण सोवळ्यामुळे बोटीवरील पाणीदेखील न पिता घरची शिदोरी सोडीत. आजही एकादशीला कोणत्याही खानावळीत खिचडी मिळते, चातुर्मासात कांदा-लसूण वगळता येतो, आणि जैन प्रवाशांसाठी कंदमुळांवाचून केलेली भाजी आहे असा फलक हमरस्त्यावरील साध्या उपाहारगृहातही दिसतो. 'बटाटा नको' म्हटल्यावर जो आचारी कारण न विचारता मान डोलावतो, तोच 'गव्हाचा कण नको' म्हटल्यावर हसतो. व्रताला आपल्या स्वयंपाकघरात मान आहे, पथ्याला नाही. व्रत मोडले तर प्रायश्चित्त आहे; पथ्य मोडले तर रुग्णालय, आणि बोटीवर तेही नाही.

येथे खर्च जवळजवळ नाहीच. विमान कंपन्या मधुमेही, ग्लुटेनमुक्त, अळणी अशा जेवणांसाठी ठरावीक संकेत वापरतात. प्रवाशाने आगाऊ कळवावयाचे, इतकेच. रेल्वे मंडळाने नोव्हेंबर २०२२ मध्ये गाड्यांतील भोजनात मधुमेही प्रवाशांसाठी पदार्थ ठेवण्याची मुभा दिली. वेष्टनबंद पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, सोयाबीन इत्यादी असल्यास तसे छापण्याचे बंधन २०२० च्या अन्न-सुरक्षा नियमांनी घातलेलेच आहे. बोटीवरील उपाहारगृहाने तेवढीच माहिती एका कागदावर, मराठीत, ठळक अक्षरांत लावावी. तिकीट देताना दोन प्रश्न विचारावेत: चढण्या-उतरण्यास मदत लागेल काय, आणि कोणते अन्न वर्ज्य आहे. प्रवाशाने घरून आणलेला डबा आणि इन्सुलिन ठेवावयास एक शीतपेटी असावी. बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई करणारा फलक जेथे असेल तेथे पथ्याचा डबा त्यातून वगळलेला असावा.

औषधोपचारासाठी निघालेल्या अपंगाविषयी आपल्याला कळवळा येतो आणि सहप्रवासी जागा करून देतात. पण तोच माणूस 'मला समुद्रावरून सूर्यास्त पाहावयाचा आहे' म्हणाला की चेहऱ्यावर किंचित आश्चर्य उमटते. हे कशाला, असे कोणी बोलत नाही, पण ते ऐकू येते. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' हे पर्यटक-जहाज सुरू झाले तेव्हा पुष्कळ मध्यमवर्गीय कुटुंबांनी हौसेने तिकिटे काढली; त्यांत केवळ मौजेसाठी जाण्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. चाळीस वर्षे मुलांना नकाशावर अरबी समुद्र दाखविलेल्या शिक्षकाला त्या समुद्रावरून एकदा मुंबई ते रत्नागिरी जावेसे वाटले, तर त्याला रुग्णालयाची चिठ्ठी दाखवावी लागू नये.

भगवती बंदर, जयगड, विजयदुर्ग येथील कामांचे आराखडे कधी ना कधी मंजुरीसाठी जातील. त्यांवर सही करण्यापूर्वी संबंधित अभियंत्याने एक दिवस त्या जागी यावे. दिवस अमावास्येचा किंवा पौर्णिमेचा असावा आणि वेळ पूर्ण ओहोटीची. वेळापत्रक छापलेले मिळते, आणि ते नसले तर बंदरावरचा कोणताही तांडेल तोंडपाठ सांगेल. चाकाची एक खुर्ची रुग्णालयातून मागून आणावी. अभियंत्याने तीत स्वतः बसावे, डबा मांडीवर घ्यावा, आणि रस्त्यापासून पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन यावे.